फुगडीचे ६१ टेक, मोकॅप सूट एकच, आणि दोघींचे हात जुळत नाहीत

सूरसागरकाठ, बडोदे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. तुकड्यातुकड्यानं विचारला तर उत्तरं भलतीकडे जातील, म्हणून सगळंच सांगते.

मी बडोद्यात दांडियाबाजारात राहते, मोशन ग्राफिक्सचं काम करते. या श्रावणात मामीला आणि मावशीला मोकॅप (अंगाची हालचाल नोंदवणारा) सूट घालून मी मंगळागौरीचे खेळ नोंदवले. फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी आणि कोंबडा. तीन दिवसांत ६१ टेक झाले. मामी ५८ वर्षांची, मावशी ५४. या नणंद-भावजयांची जोडी इतकी ठरलेली, की आमच्याकडे कुणाची मंगळागौर असली की बोलावणं दोघींना एकत्रच येतं. मामी दिवाळीनंतर मुलाकडे कॅनडाला कायमची चालली आहे. म्हणजे हे टेक पुन्हा घेता येणार नाहीत, जे आहे त्यातूनच काम काढायचं आहे.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोफत मोकॅप संग्रहात २६०५ नोंदी आहेत. चालणं, धावणं, उड्या, वेगवेगळे नाच, सगळं आहे. फुगडी शोधून पाहिली, मिळाली नाही. तेव्हाच ठरवलं की ही आपणच नोंदवायची.

सूट भाड्याचा, सेन्सरवाला, कॅमेऱ्यांचा नाही. पैशांअभावी एकच आणला. त्यामुळे आधी मामी सूट घालून आणि मावशी साध्या कपड्यांत अशी फुगडी घेतली, मग उलट. दोन्ही वेळा फोनवर व्हिडिओ घेतला आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला जोरात एक टाळी वाजवली. सूटच्या नोंदी सेकंदाला ६० फ्रेमच्या, बीव्हीएच (सांगाड्याची हालचाल साठवणाऱ्या) फाइलमध्ये. पुढचं काम ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

पहिल्या दिवशी गच्चीवर घेतलेले २० टेक जवळजवळ वाया गेले. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे असेल, मामी सरळ उभी असतानाही पडद्यावरचा सांगाडा हळूहळू डावीकडे वळायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही मामीच्या सासरच्या वाड्यात माडीवर गेलो. तिथं जमीन लाकडी तक्तपोशीची आहे, लोखंडी कपाट तेवढं बाहेर काढलं, आणि फरक लगेच दिसला. बडोद्यात असे वाडे आता थोडेच उरलेत, हा आमच्या कामी आला.

आता अडचणी.

फुगडी वेगात आली की मामीचा सांगाडा जागेवरून सरकत खोलीच्या कोपऱ्यात जातो. व्हिडिओत ती एक वीतही हललेली नाही. शिवाय शेवटाला तिचं तोंड भलतीकडेच असतं. मावशीचा टेक समोर ठेवला तर दोघी एकमेकींकडे जवळजवळ पाठ करून थांबतात.

दोघींचे टेक वेगळ्या वेळी घेतलेले, त्यामुळे वेग जुळत नाही आणि हात तर अजिबातच जुळत नाहीत. कधी एक फूट अंतर, कधी मामीचा पंजा मावशीच्या कोपरातून आरपार.

झिम्म्यात टाळी आवाजाच्या मागे पडते. सुरुवातीला बरोबर असते, मिनिटभरानं चुकते.

चार टेकच्या ॲक्शन (ब्लेंडरमध्ये साठवलेल्या हालचाली) ब्लेंडर बंद करून उघडल्यावर गायब झाल्या. बीव्हीएच आहेत, पण त्यावर केलेलं काम गेलं.

आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. मामीची फुगडी मला पाठमोरीसुद्धा ओळखू येते. हात धरल्यावर ती डावी टाच दोनदा जमिनीवर दाबून बघते, मग सुटते. वेगात मान किंचित उजवीकडे कलते. थांबताना एकदम थांबत नाही, अर्धी फेरी जास्त घेते. कच्च्या टेकमध्ये हे सगळं दिसतं, थरथरीसकट. थरथर घालवायला स्मूथ केलं की टाच दाबणं नाहीसं होतं आणि मामीच्या जागी कुणीतरी अनोळखी, गुळगुळीत बाई फिरायला लागते. ६१ मधून टेक निवडायचे कसे, आणि निवडल्यावर साफ किती करायचे?

इंदूरी रिगर

ताई, आत्ता फोनवरून लिहितोय, म्हणून पटकन सुटणाऱ्या गोष्टी आधी.

गायब ॲक्शन: ब्लेंडरमध्ये जी ॲक्शन कुणी वापरत नाही ती फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली की राहत नाही. ॲक्शनच्या नावाशेजारी ढालीचं चिन्ह आहे, ते प्रत्येक टेकला दाबा. आज रात्रीच दाबा.

टाळी: दोन कारणं संभवतात. प्ले करताना वर कोपऱ्यात फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा लाल दिसतोय का बघा. लाल असेल तर तुमचं मशीन मागे पडतंय, टेक नाही. प्लेबॅकमध्ये सिंक टू ऑडिओ लावा आणि मॉडेल लपवून फक्त सांगाडा ठेवा. तरीही चुकत असेल तर दोष फोनच्या व्हिडिओत आहे. फोन फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाहीत, प्रकाशाप्रमाणे कमीजास्त करतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून तो व्हिडिओ कॉन्स्टंट फ्रेमरेटला काढून घ्या आणि मगच टाळीवर जुळवा.

तुमचा सीन सेकंदाला किती फ्रेमचा आहे?

सूरसागरकाठ, बडोदे

२५. सवयीनं ठेवला. आकडा लालच होता!

इंदूरी रिगर

मग ३० करा. ६० चे ३० म्हणजे सरळ एकाआड एक फ्रेम. ६० चे २५ करताना फ्रेमच्या मधल्या जागा अंदाजानं भराव्या लागतात, आणि टाळीसारखा क्षण एकदोन फ्रेमचाच असतो, तो नेमका त्यात बोथट होतो. टीव्हीवर दाखवायचं नसेल तर २५ चा आग्रह नको. आणि साफसफाई ६० वरच करा, ३० ला सगळ्यात शेवटी आणा. फुगडीचं सविस्तर रात्री लिहितो.

रात्रपाळी

मी पुण्यात गेमच्या कामासाठी टेक निवडण्याचं काम बरीच वर्षं करतोय. निवडीबद्दल लिहितो, कारण पुढच्या चुका बहुतेक इथेच सुरू होतात.

सगळे ६१ साफ करायला घेऊ नका. एक वही घ्या, टेकला एक ओळ. सांगाडा आणि शेजारी व्हिडिओ, एवढंच लावून प्रत्येक टेक तीनदा बघा. पहिल्यांदा नुसते पाय. दुसऱ्यांदा नुसती कंबर. तिसऱ्यांदा सगळं, पण थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही, पाहुणे म्हणून बसल्यासारखं बघायचं. वहीत दोष लिहितोच आपण; त्याबरोबर या टेकमध्ये काय घडलं तेही लिहा. 'टाच दोनदा', 'मावशी आधी सुटली', 'मधेच श्वास घेतला' असं. आठवड्यानं नुसता नंबर बघून काहीही आठवत नाही. ॲक्शनच्या नावात खेळ, कोण, टेक नंबर आणि सूटच्या कितव्या कॅलिब्रेशननंतरचा (सूट अंगाशी जुळवून घेतल्यानंतरचा) टेक, हे चारही ठेवा.

कॅलिब्रेशन मुद्दाम सांगतोय. नऊवारी सुटावरून नेसली होती का? काष्टा ओढला की मांडीचा पट्टा सरकतो, आणि तिथून पुढच्या सगळ्या टेकमध्ये एक गुडघा आत वळलेला दिसतो. ही थरथर नाही, एकसारखा राहणारा तिरपेपणा आहे. त्यावर फिल्टर चालत नाही. एनएलएमध्ये (ब्लेंडरमध्ये हालचालींचे थर रचतात तिथे) वर एक ॲडिटिव्ह, म्हणजे खालच्यात भर घालणारा थर घ्या, पहिल्या फ्रेमला मांडी सरळ करा, तो बदल टेकभर लागू होईल. खालचा कच्चा टेक शाबूत राहतो.

निवड कशावरून करायची? मी दोष दोन ढिगांत घालतो. पाय घसरणं, कंबर सरकणं, हात न जुळणं हे पहिल्या ढिगात, ते नंतर बसून दुरुस्त होतं. वजन कुठं गेलं, कुठल्या क्षणी सुटली, थांबताना काय केलं हे दुसऱ्या ढिगात. ते टेकमध्ये नसेल तर मागाहून हातानं घालणं फार अवघड. म्हणून पहिल्या ढिगातले दोष कितीही असले तरी तुमच्या मामीची टाच आणि ती अर्धी फेरी ज्यात आहे तो टेक घ्या. सगळ्यात स्वच्छ टेक बहुधा तोच असतो ज्यात माणूस जपून, सूट सांभाळत फिरलेला असतो.

साफ किती करायचं: सगळ्या हाडांना एकच फिल्टर लावू नका. चालण्याच्या अभ्यासात शरीराच्या हालचालीला ६ हर्ट्‌झच्या आसपासचा लो-पास फिल्टर (त्याहून जलद कंपनं गाळणारा) नेहमी लावतात. कंबर, पाठ, खांदे यांना ग्राफ एडिटरमधला (हालचालीचे आलेख दिसतात तिथला) बटरवर्थ फिल्टर त्या आसपास लावून बघा. घोट्याला आणि पंजाला लावू नका. टाच आपटणं, टाळी हे सगळं त्या वरच्या कंपनातच राहतं, फिल्टर आधी तेच खातो. पायाला थरथर असेल तर टाच टेकते ती फ्रेम आणि उचलते ती फ्रेम व्हिडिओवरून शोधा, मधल्या काळात पाऊल एका जागी बांधा, बाकीचं सोडून द्या.

फ्रेमपंचवीस

दोन टेक जुळवत बसण्यापेक्षा मामीचा चांगला टेक घ्या, त्याची आरशातली प्रतिमा करा, मावशीच्या रिगवर (सांगाड्यावर) टाका. फुगडीत दोघी सारखंच तर करतात. पोज फ्लिप करून पेस्ट, अर्ध्या तासाचं काम.

लष्करची काकू, ग्वाल्हेर

मला ब्लेंडर येत नाही, मुलगा इथं लिहितो म्हणून मी वाचत असते. पण फुगडी मी लहानपणापासून घालते आहे, त्यामुळे आरशाचं वाचून राहवलं नाही.

फुगडीत हातांची फुली असते. माझा उजवा हात समोरचीच्या उजव्या हातात, डावा डाव्यात. आरशासमोर उभी राहिले तर आरशातली बाई माझ्या उजव्या हाताला आपला डावा हात देईल. ती फुली नव्हे. तसं धरून वेग घ्याल तर हात सुटतील, कारण ओढ घ्यायला पीळ लागतो. ज्यांनी फुगडी घातली आहे त्यांना हे एका नजरेत खटकेल.

दुसरं असं की पाय मधोमध असतात, दोघींचे चवडे जवळजवळ भिडलेले, आणि धड मागे. एकीनं अंग चोरलं की दुसरीला कळतं, तिच्या खांद्याला ओढ कमी लागते. तुमच्या मामी टाच दाबून बघतात ना, ते याचसाठी. जमीन किती निसरडी आहे आणि किती मागे रेलता येईल, हे आधी पायाला विचारून घ्यायचं असतं. माझी आईसुद्धा करायची. ते पुसू नका, बाई.

इंदूरी रिगर

काकूंनी माझं अर्धं उत्तर दिलं. आरशानं आणखी एक घोटाळा होतो: फिरण्याची दिशाही उलटते. मामी उजवीकडून फिरत असेल तर आरशातली मावशी डावीकडून फिरेल. दोघी एका फिरकीत राहूच शकत नाहीत.

आरसा नको, अर्धा फेरा हवा. दोघींच्या मधोमध जमिनीतून वर एक उभी काठी रोवली आहे असं समजा. मामीला त्या काठीभोवती १८०° फिरवलं की मावशीची जागा मिळते. आता गंमत बघा. त्या अर्ध्या फेऱ्यानं मामीचा उजवा हात मावशीच्या उजव्या हाताच्या जागी जातो. ते दोन उजवे हात एकमेकांत असायचे तर दोन्ही त्या काठीवरच असले पाहिजेत. डाव्यांचंही तसंच, फक्त थोडं वर किंवा खाली. म्हणजे काकू म्हणतात ती फुली आपोआप तयार होते. काठीवर दोन एम्प्टी (नुसते खुणेचे बिंदू) ठेवा, पंजाच्या जाडीइतकं अंतर, एकावर दोघींचे उजवे पंजे आयकेनं (पंजा जिथं ठेवाल तिथं बाकीचा हात आपोआप जातो) बांधा आणि दुसऱ्यावर डावे. कुठली जोडी वर, ते व्हिडिओत बघून ठरवा.

आता भटकणं. असल्या सुटाला माणूस खोलीत कुठं आहे हे दिसत नसतं. कुठलं पाऊल टेकलंय यावरून तो जागा मोजत जातो. फुगडीत पावलं इतकी बारीक आणि झरझर पडतात की तो हिशोब फसतो. दिशा तो फिरण्याच्या वेगावरून काढतो, त्यात शेकडा एकाची चूक असली तरी दहा फेऱ्यांत ३६° होतात. त्यामुळे कंबरेची जागा आणि दिशा, या दोनच गोष्टी सुटाकडून घेऊ नका. व्हिडिओकडून घ्या. बाकी सगळं अंग सुटाचंच ठेवा.

करायचं असं. कंबरेच्या रोटेशनवर आधी युलर डिसकंटिन्युइटी फिल्टर चालवा, नाहीतर १८०° ओलांडताना कर्व्ह (हालचालीचा आलेख) उड्या मारतो. रोटेशन ऑर्डर (अक्षांचा क्रम) अशी ठेवा की उभ्या अक्षाचा कर्व्ह वेगळा दिसेल. तो चढत जाणारा जिना असेल. त्याची एक प्रत भरपूर स्मूथ करा आणि तेवढंच उलट फिरणारी एक एम्प्टी सांगाड्याला पालक म्हणून द्या. कंबरेच्या आडव्या जागेच्या कर्व्हचंही तसंच, स्मूथ केलेला भाग वजा करायचा. आता मामी एका जागी, एकाच दिशेला तोंड करून फुगडीची हालचाल करताना दिसेल, तिचे बारीक हेलकावे राखून. मग तिला काठीपासून व्हिडिओत दिसतं तेवढं मागे ठेवा आणि काठीच्या जागी दुसरी एम्प्टी घ्या. व्हिडिओ चालवून मामीची पाठ कॅमेऱ्याकडे आली की एम दाबून मार्कर टाका. प्रत्येक मार्करवर त्या एम्प्टीला आणखी ३६०° ची एक की (त्या फ्रेमची नोंद). वेग कसा चढला, कसा उतरला, सगळं त्यात येतं.

मावशीला मामीची नुसती नक्कल करू नका. काठीभोवतीचं फिरणं दोघींना एकच द्या, पण मावशीचं अंग तिच्या स्वतःच्या टेकमधून घ्या. फेऱ्यांचे मार्कर तिच्या टेकवरही टाका आणि फेरीला फेरी जुळेल असं ताणा किंवा दाबा. ताण फार पडत असेल तर जवळच्या वेगाचा दुसरा टेक शोधा, रात्रपाळी दादांची वही तिथे कामाला येईल.

सूरसागरकाठ, बडोदे

नऊ दिवसांनी लिहिते आहे. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसत होते.

वही केली. ६१ पैकी आठ ठेवले, त्यात गच्चीवरचा एकही नाही. माडीवरच्या साध्या फुगडीचा मी आधी १२ नंबरचा टेक धरला होता, कारण तो सगळ्यात स्वच्छ होता. वहीत त्याच्यापुढे 'मामी सूट सांभाळते आहे' असं माझ्याच हातून लिहिलं गेलं, तेव्हा तो सोडला. आता ७ नंबर घेतलाय. त्यात मांडीचा पट्टा सरकलेला आहे (होय, काष्ट्यामुळेच), कंबर दोन मीटर भटकते, पण टाच दोनदा दाबलेली स्वच्छ दिसते. गुडघा ॲडिटिव्ह थरानं दहा मिनिटांत सरळ झाला.

व्हिडिओत १४ फेऱ्या मोजल्या, म्हणजे ५०४०°. सुटाच्या हिशोबात ४८७०° भरत होते. १७० अंश कुठं गेले ते मला आता कळतंय. इंदूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दिशा सुटाकडून काढून घेतली आणि मार्करवर दिली. मार्कर टाकताना एक लक्षात आलं: मी समजत होते मामीचा वेग सारखा चढत जातो, पण तिसऱ्या फेरीनंतर ती थोडी थांबल्यासारखी होते आणि मग एकदम ओढ घेते. इतकी वर्षं समोर बसून बघितलं, हे कधी दिसलं नव्हतं.

काठीवर हात बांधले तेव्हा पहिल्यांदा खांदे फार ताणले गेले. मामी काठीपासून सहा-सात सेंटीमीटर जास्त मागे ठेवली होती. व्हिडिओतल्या तक्तपोशीच्या फळ्या मोजून अंतर बरोबर केलं आणि कोपर जसे हवे तसे जरासे वाकले. उजवी जोडी वर आहे. काकू, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आरशाचाच रस्ता धरला असता, कारण तो सोपा दिसत होता. मनापासून आभार. मामीला तुमचं टाच दाबण्याबद्दलचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बरोबर सांगतायत त्या, ओल्या फरशीवर मी तीनदा दाबते.' हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे आता प्रत्येक खेळाचा टेक तिच्यासमोर लावते आहे आणि ती जे बोलते ते वहीत त्या टेकच्या ओळीखाली उतरवून घेते आहे.

काल दोघींना मिळून फुगडी दाखवली. अंगावर कपडे नाहीत, चेहरा नाही, नुसते राखाडी सांगाडे. आवाजही बंद होता. अकराव्या फेरीला मामीनं हात वर करून थांबवायला लावलं आणि मावशीला म्हणाली, 'इथं तू हसलीस.' मी मावशीचा त्या दिवशीचा व्हिडिओ उघडला. अकराव्या फेरीला ती खरंच हसते आहे. सांगाड्यात त्याचं काय उरलंय म्हणून फ्रेम-फ्रेमनं पाहिलं, तर डावा खांदा दोनदा हलतो, चार-चार फ्रेम. मी तेवढा भाग थरथर समजून परवा फिल्टरखाली घेतला होता, मावशीच्या खांद्यापुरता तो काल रात्री परत कच्चा केला.

आता बसफुगडी घेते. त्यात दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात आणि कंबर उंच जायच्या ऐवजी जमिनीतच रुतते. उंची कुठून घ्यायची, त्याबद्दल कुणी केलं असेल तर सांगा. बाजूनं घेतलेला व्हिडिओ आहे, मागची भिंत सरळ आहे, तिच्यावरच्या खुंट्यांची उंची मी काल मोजून ठेवली आहे.